शब्दाच्या शेपटीला बांधलेलं नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. क्लासने ‘निम’ने संपणाऱ्या पंचवीस इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला दिलीय, सिनॉनिमपासून रेट्रोनिमपर्यंत. सगळे कानाला सारखेच वाटतात, त्यामुळे रोज पाठ होतात आणि रोज विसरतात. तर हा ‘निम’ काय आहे, ॲस्ट्रॉनॉमी आणि इकॉनॉमी त्याच घरातले का, आणि ‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांच्या पहिल्या अक्षरांनी बनला असं सरांनी सांगितलं ते खरं का.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते: नाही आणि नाही. पहिल्याचं उत्तर मात्र ऐसपैस द्यावं लागेल, कारण भाषांतर आणि कोशाच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आणि हा ‘निम’ मला जवळजवळ रोज भेटतो.

‘निम’ म्हणजे नाव. ग्रीक भाषेत नावाला ‘ओनोमा’ म्हणतात. ग्रीकच्या काही बोलींमध्ये त्याचंच रूप ‘ओनिमा’ असं होतं आणि जोडशब्दांच्या शेपटीला हे दुसरं रूप चिकटलं. ‘ओनिमा’तल्या ‘नि’चा स्वर दाखवणारं ग्रीक अक्षर लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘वाय’ म्हणून आलं. म्हणून या साऱ्या शब्दांच्या स्पेलिंगात ‘एन’नंतर ‘वाय’ येतो, ‘आय’ कधीच नाही. एवढं मुलीला सांगितलंत तर पंचवीस स्पेलिंगांमधली निम्मी भीती जाईल. मूळ ‘ओनोमा’ हे रूपही इंग्रजीत आहे, पण शब्दाच्या सुरुवातीला: ‘ओनोमॅटोपिया’, म्हणजे आवाजावरून नाव घडवणं, आपल्या खळखळ, फडफडसारखं.

आता गंमत. ग्रीक ओनोमा, लॅटिन नोमेन, फारसी नाम, इंग्रजी नेम, संस्कृत नामन् आणि आपलं नाव ही सगळी सख्खी-चुलत भावंडं आहेत. कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही, सगळ्यांचं मूळ एकच प्राचीन शब्द. तेव्हा मुलीला परकं काही शिकायचं नाहीये. ‘निम’ दिसला की ‘नाम’ वाचायचं आणि पुढच्या तुकड्याकडे बघायचं.

‘ॲनॉनिमस’ घ्या. ‘अन्’ म्हणजे नसलेला, पुढे ओनिमा. ज्याला नाव नाही तो. संस्कृतात हाच जोड ‘अनाम’ असा आहे. नकाराचा तुकडाही तोच आणि त्याचा नियमही तोच: पुढे व्यंजन असेल तर ‘अ’, स्वर असेल तर ‘अन्’. आपण अशक्य म्हणतो पण अनादी म्हणतो, तसंच. ग्रीक शब्द ‘ओ’ने सुरू होतो म्हणून तिथे ‘अन्’ लागला, आपला ‘ना’ने सुरू होतो म्हणून नुसता ‘अ’ पुरला. करंगळीशेजारच्या बोटाला आपण अनामिका म्हणतो, म्हणजे बिननावाची. तिच्यात आणि ॲनॉनिमसमध्ये धातू, प्रत्यय, अर्थ सगळंच जुळतं.

याच अर्थाचा आपल्याकडे ‘निनावी’ आहे आणि फारसीतून आलेला ‘बेनामी’ही आहे. तिन्हीत नाव तेच, नकाराचा तुकडा वेगळा. पण व्यवहारात तिघे तीन दिशांना गेले. पत्र निनावी असतं. मालमत्ता बेनामी असते, आणि तिला नाव नसतं असं मुळीच नाही, उलट भलत्याचंच नाव असतं. १९८८ साली त्यावर स्वतंत्र कायदा झाला. अनाम हा कवितेत राहतो. एकदा एका संस्थेच्या देणगीदारांच्या फलकाचं मराठी तपासायला माझ्याकडे आलं होतं. इंग्रजीत ‘ॲनॉनिमस’ होतं, मराठीत कोणीतरी लिहिलं होतं ‘अज्ञात इसम’. देणगी देणारा थेट पोलिसांच्या पंचनाम्यात जाऊन बसला! मी ‘निनावी देणगीदार’ केलं. तरी पहिल्या छपाईत जुनाच मजकूर गेला, तो भाग वेगळा.

‘होमोनिम’मध्ये ‘होमोस’ म्हणजे सारखा. हा तर आपला ‘सम’ आहे. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला, स्वराच्या आधी येणारा ‘स’ झिजून ‘ह’ झाला. सप्तचं हेप्टा झालं, सर्पाच्या ‘सरपटणं’वाल्या धातूचं हेर्पो झालं (सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या अभ्यासाला हर्पेटॉलॉजी म्हणतात ते त्यामुळे), तसंच समचं होमोस. होमोनिम म्हणजे अक्षरशः समनाम: उच्चार आणि लेखन एक, शब्द मात्र दोन. उदाहरणासाठी बँक आणि नदीकाठची बँक सगळेच देतात. मला त्याहून आवडणारं उदाहरण आपल्याच घरात आहे: ‘नाव’. एक नाव नामन् वरून आलेलं, नपुंसकलिंगी. दुसरी नाव संस्कृत ‘नौ’वरून आलेली, स्त्रीलिंगी, पाण्यावर चालणारी. पहिल्याची इंग्रजी बहीण नेम. दुसरीच्या नात्यात नेव्ही, नॅव्हिगेशन आणि चक्क ‘नॉशिया’, कारण ग्रीकमध्ये जहाजावर मळमळतं त्यावरून तो शब्द झाला. नावेला नाव दिलं की होमोनिमची व्याख्या एका वाक्यात पूर्ण होते.

होमोनिमचे दोन शेजारी यादीत असतीलच. होमोफोन म्हणजे आवाज सारखा, लेखन वेगळं: राइट म्हणजे बरोबर आणि राइट म्हणजे लिही. होमोग्राफ म्हणजे लेखन सारखं, मग आवाज सारखा असो वा नसो. आवाज वेगळा असेल तर त्याला हेटरोनिम म्हणतात, जसं शिसं या अर्थाचा लेड आणि पुढे चालणं या अर्थाचा लीड. देवनागरीत सहसा जसं लिहितो तसं वाचतो, म्हणून मुलांना हा प्रकार परका वाटतो. पण मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत हे आपण विसरतो. ‘सारं जग’ मधला जग आणि ‘पाण्याचा जग’ मधला जग मोठ्याने म्हणून बघा. लेखन एक, उच्चार दोन. हेटरोनिम जेवणाच्या टेबलावरच ठेवलेला असतो.

इथे एक सावधगिरी. ‘सम’ आणि होमो नात्यातले, हे कळल्यावर मुलं लगेच सिनॉनिममधल्या ‘सिन’लाही समच्या घरात बसवतात. दिसायला जुळतं, अर्थही जुळतो, पण अभ्यासक ते नातं मानत नाहीत. ग्रीकमध्ये ‘सिन’ म्हणजे सोबत, एकत्र. सोबत राहणारी नावं ती सिनॉनिम. आणि सोबत राहतात म्हणजे एकमेकांच्या जागी बसतातच असं नाही. पाणी आणि उदक समानार्थी म्हणून शाळेत शिकतो. पण धरणातून पाणी सोडतात, उदक सोडत नाहीत. दान देताना उदक सोडतात. आणि बुडालेल्या पैशांवर पाणी सोडतात. तीन वाक्यांत ‘सोडणं’ तेच, बाकी सगळं वेगळं.

‘अँटोनिम’ हा त्या मानाने अगदी अलीकडचा. सिनॉनिम इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे, त्याला जोडीदार हवा म्हणून अँटोनिम घडवला गेला. १८६७ साली चार्ल्स जॉन स्मिथ यांच्या कोशाच्या नावात तो झळकला. घडवणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घेतलेली दिसत नाही: प्राचीन ग्रीक व्याकरणात ‘अँटोनिमिया’ हा शब्द आधीच कामाला लागलेला होता, आणि त्याचा अर्थ सर्वनाम! नामाऐवजी येणारं, म्हणून अँटी. सर्वनामातही ‘नाम’ आहेच. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या नंतरच्या पिढ्यांतला एखादा वैयाकरण आज उठून आला, तर अँटोनिमची यादी मागितल्यावर तो मी, तू, तो लिहून देईल.

‘हायपोनिम’ आणि ‘हायपरनिम’ परीक्षेत क्वचित येतात, पण मला ते सोडवत नाहीत. हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर. संस्कृतातले ‘उप’ आणि ‘उपरि’ त्यांचे सख्खे भाऊ. फूल हा हायपरनिम. मोगरा, झेंडू, शेवंती हे त्याचे हायपोनिम. आता हायपोनिमचे तुकडे संस्कृतात मांडा: उप अधिक नाम, उपनाम. दोन्ही तुकडे तंतोतंत जुळले, पण मराठीत उपनाम म्हणजे आडनाव किंवा टोपणनाव. मोगरा हे काही फुलाचं आडनाव नाही. व्युत्पत्ती शब्द लक्षात ठेवायला मदत करते, अर्थ ठरवत नाही. अर्थ वापरणारे ठरवतात. नव्या भाषांतरकारांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता ते माझ्यासमोर मुद्दाम हायपोनिमला उपनाम म्हणतात.

नावांबद्दलचे जे ‘निम’ आहेत त्यांत मराठी माणसाला खरं तर शिकवायला नको. ‘स्यूडोनिम’ म्हणजे टोपणनाव; स्यूडो म्हणजे खोटं. ‘पॅट्रोनिमिक’ म्हणजे बापाच्या नावावरून पडलेलं नाव. त्यातला पॅटर हा आपला पितृ. या दोघांना एकत्र बघायचं तर कृष्णाजी केशव दामले यांनी घेतलेलं नाव बघा. केशवसुत. टोपणनाव आहे, आणि तरी त्यात बापाचं नाव लख्ख आहे. खोटं नाव म्हणावं तर त्यात एक अक्षर खोटं नाही. राम गणेश गडकरी कवितेसाठी गोविंदाग्रज झाले, शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, तिथे बापाऐवजी धाकट्या भावंडाचं नाव पुढे आलं. भावंडावरून पडलेल्या नावाला इंग्रजीत रोजच्या वापरातला शब्द नाही. मराठी कवींना त्याची गरज पडली, इंग्रजांना पडली नसावी.

पॅट्रोनिमिक तर आपल्याकडे प्रत्येक अर्जावर आहे, मधल्या रकान्यात. दाशरथी, वासुदेव ही त्यातलीच. आईच्या नावावरून पडलं तर ‘मॅट्रोनिमिक’: कौंतेय, राधेय, सौमित्र. आणि इतिहासातलं ठसठशीत उदाहरण नाशिकच्या लेण्यांत कोरलेलं आहे: गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या मागून आलेला वासिष्ठीपुत्र पुळुमावि. सातवाहन राजे बापाचं राज्य घेत आणि आईचं नाव लावत.

गोव्यात आणि वसईत गेलात तर पॅट्रोनिमिक पाटीपाटीवर दिसेल. पोर्तुगीजमध्ये नावाला शेवटी ‘एस’ जोडला की ‘त्याचा मुलगा’ असा अर्थ व्हायचा. फर्नांदो, त्याचा फर्नांडिस. रॉद्रिगो, त्याचा रॉड्रिग्ज. लोपो, त्याचा लोपीस. गोन्सालो, त्याचा गोन्साल्विस. इंग्रजीत हेच काम ‘सन’ करतो, स्कॉटिश आणि आयरिश नावांत ‘मॅक’ करतो. फरक इतकाच की ही नावं पुढे गोठली. आज एखाद्या फर्नांडिसच्या बापाचं नाव फर्नांदो नसतं. आपला मधला रकाना मात्र अजून दर पिढीला बदलतो.

गावावरून पडलेलं नाव, किंवा गावाचं नाव, ते ‘टोपोनिम’. टोपोस म्हणजे जागा. तिथल्या माणसांना ज्या नावाने ओळखतात ते ‘डेमोनिम’. इंग्रजीत डेमोनिम बनवायला डझनभर प्रत्यय लागतात, लंडनर, पॅरिसियन, चायनीज. आपल्याकडे एकटा ‘कर’ सगळं सांभाळतो. पुणेकर, नागपूरकर, गोवेकर. शिवाय तो आडनावही बनतो, आणि माणसाने ते गाव शंभर वर्षांत पाहिलेलं नसलं तरी चिकटून राहतो. जिथले लोक स्वतःच्या जागेला जे म्हणतात ते ‘एन्डोनिम’, बाहेरचे म्हणतात ते ‘एक्झोनिम’. पूना हा एक्झोनिम हे आपण चटकन सांगतो. पण आपण गुजरातेतल्या वडोदऱ्याला बडोदे म्हणतो आणि मध्य प्रदेशातल्या ग्वालियरला ग्वाल्हेर, तेही एक्झोनिमच.

‘एपोनिम’ म्हणजे ज्याच्या नावावरून वस्तूला किंवा क्रियेला नाव पडलं तो, आणि आता सैलपणे तो शब्दसुद्धा. सगळ्यांत चांगली गोष्ट बॉयकॉटची. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली खंडाच्या वादात कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. कोणी त्याचं पीक कापेना, दुकानदार माल देईना. त्याच वर्षी त्याचं आडनाव क्रियापद म्हणून छापलं जाऊ लागलं. बहिष्कार घालणारा तो नव्हे, ज्याच्यावर पडला तो, तरी शब्द त्याचाच झाला. आपल्याकडचं गोड उदाहरण हापूस. अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने १५१०मध्ये गोवा घेतलं, त्याच्या नावावरून आंब्याला नाव मिळालं असं मानतात. कोकणी-मराठी जिभेवर घासून घासून अफोन्सोचा हापूस झाला आणि त्यातला पोर्तुगीज पार धुऊन गेला. आणखी एक अभिमानाचं: ६१७४ या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात, तो देवळालीच्या एका शाळामास्तरांच्या, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या नावावरून.

‘मेटोनिमी’ पटकन उरकते: नावाची अदलाबदल. ‘दिल्लीने नकार दिला’ यात दिल्ली शहर काही बोललेलं नसतं. संस्कृत काव्यशास्त्रातल्या लक्षणेचा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्याचा, हा शेजारी.

आता ‘ॲक्रोनिम’, आणि त्याबरोबर तुमच्या सरांचं ‘न्यूज’. ॲक्रो म्हणजे टोक; टेकडीच्या टोकावरचं शहर ते ॲक्रोपोलिस. शब्दांची टोकं घेऊन बनवलेला शब्द ॲक्रोनिम. काटेकोर वापरात तो शब्दासारखा उच्चारता आला पाहिजे. इस्रो आणि पुण्याची खगोलसंस्था आयुका हे ॲक्रोनिम. एसटी आणि बीबीसी हे नुसती आद्याक्षरं. मराठीतला सर्वांत सुंदर ॲक्रोनिम माझ्या मते गदिमा. ग. दि. माडगूळकर यांचं असं काही झालं की आता तो शब्द वाटतो, आद्याक्षरं वाटतच नाहीत. पुलं त्याच वाटेवरचे, वर अनुस्वार आदराचा.

पण हा प्रकार शब्द घडवण्याची रीत म्हणून विसाव्या शतकात फोफावला. ‘ॲक्रोनिम’ हा शब्दच १९४०च्या दशकातला. रडार, सोनार, लेझर हे खरे ॲक्रोनिम, आणि सगळे त्याच सुमाराचे किंवा नंतरचे. म्हणून माझा एक साधा नियम आहे: शब्द शे-दोनशे वर्षांहून जुना असेल आणि कोणी त्याची अक्षरं फोडून दाखवत असेल, तर संशय घ्यायचा. न्यूज हा नव्याचं अनेकवचन आहे, ‘नव्या गोष्टी’. फ्रेंचमध्ये ‘नूव्हेल’ याच पद्धतीने बनलाय. चार दिशा मागाहून कोणीतरी बसवल्या. शब्द आधी आणि फोड मागून, अशा प्रकाराला ‘बॅक्रोनिम’ म्हणतात. त्याचा मुंबईशी जोडलेला एक नमुनाही आहे: ‘पॉश’. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटीवर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली सावलीची, श्रीमंत तीच घेत, आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापत, अशी ती कथा. असं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

‘रेट्रोनिम’ हा तुमच्या यादीतला सगळ्यांत धाकट्यांपैकी एक. फ्रँक मँकिएविच यांनी घडवला आणि १९८० साली विल्यम सफायर यांच्या भाषेवरच्या स्तंभातून पसरला. नवी वस्तू आली की जुनीला नवं नाव द्यावं लागतं, ते रेट्रोनिम. विजेची गिटार आली आणि साधी गिटार ‘अकूस्टिक’ झाली. दुसरं महायुद्ध झालं म्हणून आधीचं पहिलं झालं. माग हा पूर्वी नुसता माग होता. यंत्रमाग आला आणि तो हातमाग झाला. अंडं अंडंच होतं. पोल्ट्रीचं आलं आणि आजीच्या खुराड्यातलं गावरान झालं, वर महागही झालं.

यादीत ‘कॉन्ट्रोनिम’ असेल तर त्यासाठी ‘परवा’ लक्षात ठेवायला सांगा. स्वतःचाच विरुद्धार्थी असलेला शब्द म्हणजे कॉन्ट्रोनिम. परवा आलो, परवा येईन. इंग्रजीत ‘सॅन्क्शन’ असा आहे, मंजुरीही आणि निर्बंधही. या शब्दाचा पुढचा अर्धा लॅटिन आणि मागचा ग्रीक आहे, शुद्धतावाल्यांना तो आवडत नाही.

राहिला ॲस्ट्रॉनॉमीचा मुद्दा. तिथे ‘नॉमी’ आहे, आणि तो ‘नोमोस’वरून येतो. नोमोस म्हणजे नियम, व्यवस्था. ताऱ्यांची व्यवस्था ती ॲस्ट्रॉनॉमी, घराची व्यवस्था ती इकॉनॉमी, आपली आपण लावलेली ती ऑटोनॉमी. नावाशी काही संबंध नाही. स्पेलिंगात ‘एन’नंतर ‘वाय’ की ‘ओ’ एवढं बघितलं की बहुतेक वेळा निकाल लागतो. बहुतेक म्हणते, कारण नॉमिनेशन आणि डिनॉमिनेटर यांत ‘ओ’ आहे आणि तरी ते नावाच्याच घरातले, लॅटिन नोमेनच्या. इग्नोमिनीही तिथलीच: नाव गेलेली अवस्था. मराठीत ‘नाव घालवलंस’ म्हणतात तीच.

पंचवीसातले आठ-नऊच परीक्षेत फिरून फिरून येतात: सिनॉनिम, अँटोनिम, होमोनिम, ॲक्रोनिम, स्यूडोनिम, एपोनिम, पॅट्रोनिमिक, ॲनॉनिमस, फार तर टोपोनिम. मुलीला वहीत इंग्रजी अर्थाऐवजी समोर एकेक मराठी माणूस, गाव किंवा वस्तू लिहू द्या. स्यूडोनिमसमोर केशवसुत, एपोनिमसमोर हापूस, ॲक्रोनिमसमोर गदिमा. न्यूजचं सरांना सांगायचं की नाही ते तिच्यावर सोडा.